घरी न भांडणारी जोडपी मालवणात येऊन का भांडतात?

तुमचा प्रश्न वाचला. लग्नाला तीन वर्षं झाली, दोघंही पुण्यात आयटीत, घरी कधी आवाज चढत नाही. पण फिरायला गेलं की दुसऱ्या दिवशी हटकून वाजतं. गोव्यात वाजलं, महाबळेश्वरला वाजलं. आता डिसेंबरात चार दिवस मालवणला यायचं घाटतंय, तर राहायला जागा कुठली घ्यावी, आणि मुळात आमचं एकमेकांशी जमतच नाही की काय, अशा दोन्ही चौकशा तुम्ही एका दमात केल्या आहेत. जागेचं शेवटी सांगते. आधी दुसरं.

मी समुपदेशक नाही. तारकर्लीच्या वाटेवर आमचं घर आहे. मागच्या अंगाला पाहुण्यांच्या चार खोल्या, पुढच्या पडवीत जेवणाची टेबलं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर ज्या घरांनी माडाखालच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली त्यांतलं आमचं एक. पुण्या-मुंबईची जोडपी न्याहारीला, जेवायला आणि रात्री झोपाळ्यावर अशी दिवसातून तीनदा नजरेखालून जातात. पडवीत बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं, हे फ्लॅटची सवय असलेल्यांच्या ध्यानात येत नाही. त्या जोरावर सांगते: तुमचं जमत नाही असं मला वाटत नाही. घरी भांडण होत नाही, कारण घरी भांडायला तुम्हाला सवड नाही.

बघा ना. सकाळी एक हिंजवडीला, दुसरी खराडीला. पोळीभाजी मावशी करून जातात. कोथिंबीर संपली तर दहा मिनिटांत कोणीतरी ती दारात आणून देतो. रात्री कंटाळा आला की दोघांच्या दोन वेगळ्या ऑर्डरी, एकाच पिशवीतून. जेवताना तिची मालिका तिच्या मोबाइलवर, त्याची मॅच त्याच्या. यात मला नाक मुरडायचं नाही. माझ्या आईला हे सुख मिळालं असतं तर तिने देवापुढे पेढे ठेवले असते. पण त्यामुळे होतं असं, की दोघांनी मिळून ठरवायच्या गोष्टी दिवसाकाठी एक-दोनच उरतात. मग एकदम चार दिवस सुट्टी येते. मावशी नाहीत, ॲप इथे पोचत नाही, आणि ठरवायच्या गोष्टींचा ढीग पडतो. किती वाजता उठायचं, आधी किल्ला की आधी स्कूबा, सुरमई की पापलेट, खिडकी उघडी की एसी चालू, परत कुठल्या घाटाने जायचं. तीन वर्षांत जेवढं एकत्र ठरवलं नसेल तेवढं दोन दिवसांत ठरवावं लागतं. दुसऱ्या दिवशी वाजणारच. पहिल्या दिवशी प्रवासाच्या दमणुकीने निभावून जातं, एवढंच.

पूर्वी कुटुंबं यायची तेव्हा हे नव्हतं. वडील ठरवायचे, आई डबे भरायची, मुलं मागच्या सीटवर ओकायची. शांतता असायची, पण ती आईला कोणी काही विचारत नसे म्हणून. आता दोघांना मत आहे, दोघं कमावतात, दोघांनी रील्स बघितल्या आहेत. त्यामुळे आत्ताच्या जोडप्यांची कटकट मला जुन्या शांततेपेक्षा बरी वाटते, हे आधीच सांगून ठेवते.

पण नुसते निर्णय वाढल्याने एवढं बिनसत नाही. खरी गोम पुढे आहे. सुट्टी बहुतेक वेळा दोघांपैकी एकच जण ठरवतो. तोच रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू वाचतो, तोच मला फोन करतो, ॲडव्हान्स पाठवतो, गाडीत हवा भरून घेतो. दुसरं माणूस कामात असतं, म्हणतं, "तू ठरव, मला काहीही चालेल." आणि इथे उतरल्या क्षणापासून ठरवणारा होतो टूर मॅनेजर आणि दुसरं होतं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने काय करायचं असतं? तक्रार. गरम पाणी यायला वेळ लागतो, बीच फोटोत दिसत होता तेवढा जवळ नाही, डास आहेत. यातलं एकही वाक्य नवऱ्याला किंवा बायकोला उद्देशून नसतं. पण ज्याने दोन वाजेपर्यंत जागून रिव्ह्यू वाचलेत, त्याला प्रत्येक डास स्वतःवर घेतल्यासारखा चावतो.

त्याचं रूप न्याहारीला स्वच्छ दिसतं. मी विचारते, घावणे करू की आंबोळ्या? तो तिच्याकडे बघतो. ती म्हणते, तुला काय हवंय? तो म्हणतो, मला काहीही. ती म्हणते, नाही, तू सांग ना. मी हातात पीठ घेऊन उभी. शेवटी मीच घावणे घालते, सोबत नारळाची चटणी. दोन घास झाल्यावर तो हळूच म्हणतो, "आंबोळी खायला पाहिजे होती." आणि ती चमचा खाली ठेवते. त्या चमच्याचा आवाज मला चुलीपाशी कळतो. घावण्यात काही बिघडलेलं नसतं. तिचं म्हणणं असतं, तुला विचारलं तेव्हा बोलला नाहीस, आता माझ्या माथी कशाला मारतोस. तिचं बरोबर आहे. त्याचंही एका अर्थाने बरोबर आहे, त्याला वाटतं आपण किती समजूतदार, सगळं तिच्यावर सोडलं. अशा वेळी आमचे हे आतून म्हणतात, "अगो, तेंका दोघांका आंबोळ्यो पण वाढ. पोटात पडांदेत, मगे काय ता बगूया." बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

बाकीचे प्रकार धावते सांगते, तुमचा त्यातला एखादा असेल.

फोटोचा प्रकार. तो तिचे भरमसाट फोटो काढतो आणि एकाही फोटोत क्षितिज सरळ नसतं. त्याहून नाजूक मामला म्हणजे तो फोटो आधी कोणाच्या ग्रुपवर गेला. सासरच्या ग्रुपवर संध्याकाळी गेला आणि माहेरच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी, तर रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर एक आई मुकाट असते. दोन्हीकडे एकदमच टाका, काय जातंय.

कुत्रा घेऊन येणाऱ्यांचा प्रकार. आमच्याकडे कुत्री चालतात. अबोला धरलेली जोडपी कुत्र्यामार्फत बोलतात. "ब्रूनो, बाबांना सांग चहा गार होतोय." ब्रूनो बिचारा माझ्या मांजरीकडे बघत असतो. पण निरोप पोचतो, हे नाकारता येत नाही.

"फक्त पंधरा मिनिटांचा कॉल आहे" हा प्रकार. आमच्याकडे वायफाय आहे, पण वीज गेली की तेही जातं. मग लॅपटॉप उचलून मंडळी रेंज शोधत अंगणात फिरतात आणि नेमकी माडाखाली उभी राहतात. तिथून हलवताना माझी त्रेधा उडते, कारण नारळ कोणाची मीटिंग बघून पडत नाही. कॉल घ्यायचाच असेल तर निघण्यापूर्वी सांगून ठेवा की अमुक दिवशी अमुक वेळी आहे. आधी सांगितलेल्या कॉलवरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. अचानक उगवलेल्या कॉलवरून नेहमी पाहते.

आणि हिशेबाचा प्रकार. हल्लीची मुलं स्प्लिटवाइज या खर्च वाटायच्या ॲपवर सुरमई थाळीसुद्धा निम्मी-निम्मी लिहितात. माझ्या वयाच्या बायकांना हे बघून कसंसं होतं. शेजारची विचारते, लग्न केलंय की भागीदारी? मला विचाराल तर ज्यांचे पैसे असे लिहिलेले असतात ती बिल बघून एकमेकांकडे बघत नाहीत. "तू भर, मी भर" करत दोघं मनातल्या मनात हिशेब ठेवतात, त्यांचं अवघड.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सोबत लहान मूल असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे कोण किती झोपलं यावर सगळं ठरतं. सासू-सासरे असतील तर भांडण दोघांचं राहत नाही, चौघांचं होतं. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दोघांपैकी एक जण दुसऱ्याला घाबरून गप्प बसत असेल, चारचौघांत पाणउतारा होत असेल, फोन तपासले जात असतील, तर ते सुट्टीचं भांडण नव्हे. त्यासाठी मालवणला येऊ नका, चांगल्या समुपदेशकाकडे जा. तुमच्या लिहिण्यात तसं काही मला दिसलं नाही. "तो चिडतो आणि मग मी चिडते, घरी आलो की दोघं हसतो" असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही.

पहिलं, निर्णय वाटून घ्या. दिवस वाटून घेऊ नका, विषय वाटून घ्या. "सोमवार तुझा, मंगळवार माझा" केलं की सोमवारचा सगळा दोष एकाच्या डोक्यावर बसतो. त्याऐवजी खाण्यापिण्याचं एकाने ठरवायचं, फिरण्याचं दुसऱ्याने. प्रवास आणि गाडी ज्याला घाटात चालवायला आवडतं त्याची. ज्याचा विषय त्याचा शब्द शेवटचा, आणि दुसऱ्याने शेरा मारायचा नाही. खाणं ज्याच्याकडे आहे त्याने मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, मटण मागवलं तर मोरीचं मटण. नको असेल तर सोलकढी आणि भात खावा, तोही वाईट नाही. गिऱ्हाईक कोणी उरलंच नाही की तक्रारीही गळतात.

दुसरं, अर्धा दिवस वेगवेगळे राहा. हे मी सांगते तेव्हा जोडपी दचकतात. एवढ्या लांबून एकत्र आलो आणि वेगळे कशाला? पण तुम्हाला एकमेकांचा सहवास रोजचा दोन तासांचा आहे. तो एकदम चोवीस तासांवर नेलात तर अपचन होणारच. एकाने स्कूबाला जावं, दुसऱ्याने मालवणच्या बाजारात भटकावं, इथलं गोड खाजं घ्यावं, काजू घ्यावेत. किंवा एकाने नुसतं झोपावं. संध्याकाळी भेटलात की एकमेकांना सांगायला काहीतरी नवं असतं. जी जोडपी सकाळपासून एकच गोष्ट बघत असतात, त्यांना रात्री जेवताना बोलायला माझ्या मांजरीशिवाय विषय नसतो.

तिसरं जरा तपशिलात सांगते, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं आणि समुद्राचा दोष फुकट नवऱ्याच्या नाही तर बायकोच्या माथी येतो. शहरातली मंडळी सूर्यास्ताची वेळ बघून येतात, भरतीची बघत नाहीत. मग "किनाऱ्यावरून लांबवर चालत जाऊ" म्हणून निघालेली दोघं पाण्याच्या कडेला अंग चोरून उभी राहतात, आणि जिने कल्पना काढली ती गुन्हेगार ठरते. आमच्याकडचा साधा हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. दुसऱ्या पंधरवड्यात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायच्या. पौर्णिमा-अमावास्येला हा हिशेब सव्वाअकराच्या सुमारास येतो. म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं असतं आणि सूर्यास्ताला चालायला ही भलीमोठी ओली वाळू मिळते. अष्टमी-नवमीला उलट, सूर्य बुडताना पाणी वर. ती भांगाची भरती असते, उधाणासारखी अंगावर येत नाही, पण लांब चालण्याचं सुख नाही. तेव्हा कॅलेंडर काढा, सुट्टीच्या तारखांच्या तिथी बघा आणि चालायचं कधी ते त्यावरून ठरवा. पोहायला मात्र ओहोटी लागलेली असताना उतरू नका, पाणी आत ओढतं. इथल्या लोकांना विचारल्याशिवाय तर कधीच नको.

सकाळी लवकर उठवत असेल तर किनाऱ्यावर रापण लागली आहे का बघा. रोज लागेलच असं नाही. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात टाकतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात, ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात. बघ्यांनी दोराला हात लावला तर कोणी नाही म्हणत नाही. गेल्या हंगामात आमच्याकडचं एक जोडपं रात्रीचा अबोला घेऊन सकाळी तिकडे गेलं. तो एका दोराला लागला, ती दुसऱ्या. तासाभराने परत आली ती पायापासून डोक्यापर्यंत वाळू, आणि ओढणीत बांधलेली मूठभर बारीक मासळी. अंगणात पाऊल टाकल्यापासून वाद चालू, कोणाच्या बाजूने जास्त ओढलं. पण तो वाद करताना दोघांचे दात दिसत होते. मी मासळी साफ करून तळून दिली. रात्रीचं काय झालं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

चौथं, पहिल्या दिवशी काहीही ठेवू नका. पुण्याहून कोल्हापूरमार्गे गगनबावड्याचा करूळ घाट किंवा राधानगरीकडून फोंडा घाट उतरून इथे यायला दिवस मोडतो. लोक पहाटे निघतात, दुपारी पोचतात, आणि तशीच गाडी मालवणच्या जेटीवर नेऊन उन्हात किल्ल्याची होडी धरतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग आहे तो, दमलेल्या डोळ्यांनी उरकायची जागा नव्हे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव आहेत. सकाळी ऊन तापायच्या आत जा, टोपी घ्या, पाण्याची बाटली दोघांची वेगवेगळी घ्या. हे शेवटचं हसू नका. किल्ल्याच्या तटावर "पाणी तू घेतलं होतंस ना?" हा संवाद मी परत आलेल्या इतक्या जोडप्यांकडून ऐकलाय की आता मी निघतानाच दोन बाटल्या हातात देते.

आता जागा. हे तुमच्या स्वभावावर आहे. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जमिनीची अरुंद पट्टी. शांत आहे, पण संध्याकाळी खोलीबाहेर करायला फारसं काही नाही. बोलायला भरपूर असलेल्यांनी तिथे राहावं. तारकर्लीला जलक्रीडांची गर्दी, नाताळात तर विचारू नका. एकमेकांशिवाय इतर माणसंही दिसायला हवीत असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ मालवण गावात, बाजाराजवळ राहावं. पायी फिरता येतं, खायला दहा ठिकाणं आहेत, त्यामुळे एकाच जागेवरून वाद होत नाही. भोगवे आणि निवती सुंदर, पण तिथे गेल्यावर "इथे आहे काय?" असं विचारणारं माणूस सोबत असेल तर नको. तुमच्या वर्णनावरून तुमचे मिस्टर ते विचारतील, तेव्हा तुम्ही मालवण गावच धरा आणि एक दिवस दुपारून देवबागच्या संगमावर जाऊन या. गाडी चालवायची दगदग नको असेल तर मुंबईहून रात्रीची तुतारी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेस धरून सकाळी कुडाळला उतरा. पुण्याहून तो वळसा पडतो खरा.

नाताळ ते एकतीस डिसेंबर टाळता आलं तर टाळा. भाडी चढतात, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि त्या आठवड्यात आमच्या घरातच कोणी एकमेकांशी धड बोलत नाही, पाहुण्यांचं काय सांगू.

एक शेवटचं. आतापर्यंतच्या सहली तुम्हीच ठरवल्यात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. या वेळी खोलीसाठी फोन मिस्टरांना करू द्या, आणि ते फोनवर असताना मागून "एसी विचार, एसी विचार" असं सुचवू नका. ते विसरले तर विसरले. फक्त एवढं सांगायला लावा की मासे दोघंही खाता का, आणि तिखट किती चालतं. मासळी सकाळीच जाऊन बघून आणावी लागते, ऐन जेवणाच्या वेळी सांगितलंत तर वरणभातावर भागवावं लागेल.